एका पीपीएमचा हिशेब : मौना लोआवरील इन्फ्रारेड वायुमापन

हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर, समुद्रसपाटीपासून 3397 मीटर उंचीवर, मार्च 1958 मध्ये एक इन्फ्रारेड वायुविश्लेषक चालू झाला. 29 मार्चला त्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण 313 पीपीएम दाखवले, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंत 313. या जागेवरून पुढे तयार झालेला चढता आलेख आता शाळेच्या पुस्तकांतही असतो. मात्र त्यातला एकेक बिंदू कसा मिळवला जातो याबद्दल क्वचितच लिहिले जाते. वायुमापनाचे काम करणाऱ्याला खरे शिकण्यासारखे तिथेच आहे, म्हणून हे प्रकरण हवामानबदलाच्या अंगाने न पाहता मापनाच्या अंगाने पाहू.

काय मोजायचे होते

काम आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (जुलै 1957 ते डिसेंबर 1958) निमित्ताने निघाले. अमेरिकेच्या हवामान खात्यातले हॅरी वेक्सलर आणि स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे रॉजर रेव्हेल यांनी चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञावर ही जबाबदारी सोपवली. त्याआधी हवेतला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रासायनिक पद्धतीने मोजत. वायू अल्कलीत शोषून घ्यायचा आणि मग अनुमापन करायचे. त्या आकड्यांत इतका विखुरलेपणा असे की हवा बदलली की मोजणाऱ्याचा हात हलला, हे सांगता येत नसे.

एका वर्षात होणारी वाढ एका पीपीएमच्या आसपास असेल, असा कयास होता. 315 मधला 1 म्हणजे 0.3 टक्के. तो खात्रीने दिसायचा असेल तर रोजच्या मोजणीतली चूक त्याच्याही काही पट कमी हवी, आणि ती वर्षानुवर्षे तेवढीच कमी राहायला हवी. ‘वर्षानुवर्षे’ हा भाग सगळ्यांत अवघड. चांगले यंत्र दिवसभर स्थिर ठेवता येते. वीस वर्षे स्थिर राहील असे यंत्र कोणी बनवत नाही. कीलिंग यांनी कॅलिफोर्नियातील अप्लाइड फिजिक्स कॉर्पोरेशनचे इन्फ्रारेड विश्लेषक निवडले तेव्हा ही गोष्ट गृहीत धरूनच पुढची मांडणी केली होती.

यंत्राला वायू कळतो कसा

कार्बन डायऑक्साइडचा रेणू इन्फ्रारेड प्रकाश ठरावीक तरंगलांबींवर शोषतो. सर्वांत जोरकस पट्टा 4.26 मायक्रॉनला आहे, दुसरा 15 मायक्रॉनला, आणि तुलनेने दुबळे पट्टे 2.7 मायक्रॉनच्या आसपास. हवेतले नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन हे मुख्य वायू या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात. दोन सारख्याच अणूंचा रेणू कंप पावला तरी त्याची विद्युत रचना एका बाजूला झुकत नाही, त्यामुळे प्रकाशाशी त्याचे नाते जुळत नाही. आर्गॉन तर एकटाच अणू. म्हणून 99.9 टक्के हवा यंत्राला दिसत नाही आणि दहा लाखांतले तीनशे रेणू दिसतात.

मौना लोआवरचे यंत्र ‘नॉन-डिस्पर्सिव्ह’ जातीचे होते, म्हणजे त्यात प्रकाश लोलकाने किंवा जाळीने फाकवत नाहीत. तापलेल्या तारेचा सगळाच प्रकाश वायूच्या नळीतून जातो आणि निवड पलीकडच्या टोकाला होते. ती करण्याची जुनी आणि नामी युक्ती लुफ्ट आणि लेरर यांनी 1938 मध्ये जर्मनीत वापरली. शोधायचा आहे तोच वायू डिटेक्टरमध्ये भरून टाकायचा. कार्बन डायऑक्साइडने भरलेला डिटेक्टर फक्त कार्बन डायऑक्साइडच्याच रेषांवरचा, म्हणजे त्या पट्ट्यांतल्या नेमक्या तरंगलांबींवरचा, प्रकाश शोषतो, तापतो, त्याच्या आतला दाब वाढतो, पातळ पडदा किंचित हलतो आणि त्या हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. नळीतल्या हवेने त्याच रेषा आधीच शोषल्या असतील तर डिटेक्टरला कमी प्रकाश मिळतो. म्हणजे डिटेक्टरमधला वायूच इथे गाळणीचे काम करतो.

आजच्या लहान सेन्सरमध्ये तेच काम पातळ थरांचा फिल्टर करतो. एक फिल्टर 4.26 मायक्रॉनला, दुसरा 3.9 ते 4.0 मायक्रॉनच्या रिकाम्या खिडकीत, आणि दोन्हींचे गुणोत्तर काढले की दिव्याचे म्हातारपण व खिडकीवरची धूळ बऱ्याच अंशी वजा होते. मिथेनला 3.3, नायट्रस ऑक्साइडला 4.5 आणि कार्बन मोनॉक्साइडला 4.67 मायक्रॉन. फिल्टर जरा रुंद निघाला तर शेजारचा वायू आत डोकावतो. साधी काच 4.26 मायक्रॉनला अपारदर्शक असते. त्यामुळे खिडक्या सफायर किंवा कॅल्शियम फ्लोराइडच्या लागतात. घरगुती प्रयोगात साध्या काचेची खिडकी लावून ‘सेन्सर काहीच दाखवत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एक भाग मात्र दुर्लक्षित राहतो. प्रकाशाचा मार्ग नळीबाहेरही थोडा असतो, दिव्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून डिटेक्टरपर्यंत. त्या पोकळीत खोलीतली हवा असेल तर तिचाही कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. माणसाच्या उच्छ्वासात तो सुमारे 4 टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम असतो. एक माणूस यंत्रावर वाकून आकडा वाचू लागला की आकडा हलायला तेवढे पुरेसे. उपाय म्हणून प्रकाशमार्गाची पेटी हवाबंद करून तिच्यात नायट्रोजन किंवा सोडा लाइमने (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाने) धुतलेली हवा सोडतात.

हवा नळीपर्यंत आणताना

वेधशाळेभोवती लाव्हाचे उघडे रान आहे, झाड नाही की झुडूप नाही. हवा घेण्यासाठी इमारतीपासून दूर 7 मीटर उंचीचे चार मनोरे उभारले, पुढे 27 मीटरचा एक मनोरा आला. एकाऐवजी चार मनोरे कशाला? वारा कुठूनही आला तरी इमारत, जनित्र आणि गाड्या यांच्या वाऱ्याच्या खाली न येणारे तोंड निवडता यावे म्हणून. शिवाय दोन मनोऱ्यांच्या आकड्यांत फरक दिसला तर जवळपास कुठेतरी उगम आहे, हे तिथल्या तिथे कळते.

पंप हवा ओढतो, ती वाफ गोठवणाऱ्या सापळ्यातून जाऊन मिनिटाला अर्धा लिटर या दराने विश्लेषकात शिरते. सगळ्यांत नाजूक टप्पा हा सापळ्याचा. पाण्याची वाफ तीन प्रकारे त्रास देते. पहिला त्रास साध्या पातळ होण्याचा. हवेत 1 टक्का वाफ असेल तर बाकी प्रत्येक वायूचे प्रमाण 1 टक्क्याने घटते आणि 315 पीपीएमचे 311.85 दिसतात. तीन पीपीएमची ही घट म्हणजे शोधत असलेल्या वार्षिक वाढीच्या तिप्पट. दुसरा त्रास पट्ट्यांच्या सरमिसळीचा, कारण वाफेचेही शोषण 2.7 मायक्रॉनपाशी आहे. तिसरा म्हणजे वाफेचे रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंवर आदळून त्याच्या शोषणरेषा रुंद करतात.

म्हणून हवा गोठवून कोरडी करतात. उणे 70 अंश सेल्सियसला बर्फावरचा बाष्पदाब सुमारे 0.26 पास्कल असतो. वेधशाळेच्या उंचीवर हवेचा दाब 680 हेक्टोपास्कलच्या आसपास. भागाकार केला की कोरड्या हवेत उरलेली वाफ 4 पीपीएमपेक्षा कमी निघते, आणि तिच्यामुळे होणारा पातळपणा नगण्य ठरतो. सिलिका जेल का वापरले नाही, हा प्रश्न नेहमी येतो. सिलिका जेल थोडा कार्बन डायऑक्साइडही धरते आणि तापमान बदलले की सोडते. मॉलिक्युलर सिव्ह हा सच्छिद्र शोषक तर तो पोटभर खातो. थंडीने वाळवलेल्या हवेत ही भानगड नसते. पण उत्साहाच्या भरात द्रव नायट्रोजन, म्हणजे उणे 196 अंश वापरले तर कार्बन डायऑक्साइडही गोठून सापळ्यातच बसतो आणि यंत्र शून्य दाखवते. हवेत आहे तेवढ्या विरळ प्रमाणातला कार्बन डायऑक्साइड उणे 130 च्याही बराच खाली गेल्यावरच गोठतो, त्यामुळे उणे 60 ते 80 हा पट्टा निर्धोक.

सापळा भरत जातो तसा बर्फ नळीचा घसा आवळतो, प्रवाह घटतो, नळीतला दाब सरकतो. विश्लेषक सरळ रेणूंची संख्या पाहतो, प्रमाण नाही. दाब 1 टक्क्याने बदलला तर आकडा निदान 1 टक्क्याने हलणारच, म्हणजे पुन्हा तीन पीपीएम. प्रवाहमापीवरचा गोळा खाली बसू लागला की सापळा बदलायचा, आणि बदलताना आत शिरलेली खोलीतली हवा पुरती धुऊन निघेपर्यंतचे आकडे सोडून द्यायचे.

पेनच्या रेघेचे पीपीएम होतात ते असे

यंत्राचा संकेत कागदाच्या सरकत्या पट्टीवर पेनने उतरत असे. ती रेघ पीपीएममध्ये नव्हती, ती ‘इतके भाग’ अशी होती. भागांचे पीपीएम करण्यासाठी दर 30 मिनिटांनी हवा बंद करून त्याच नळीत, त्याच दाबाला आणि त्याच प्रवाहाला सिलिंडरमधला कामकाजी संदर्भवायू, म्हणजे ज्यातले प्रमाण आधीच माहीत आहे असा वायू, सोडत. तासाला हवेचे चार नमुने आणि त्यांच्या आगेमागे संदर्भवायू, असा तो पाढा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. 310 पीपीएमच्या संदर्भवायूला पेन 42.0 भागांवर आले, 325 च्या वायूला 67.0 वर. 25 भागांना 15 पीपीएम, म्हणजे एका भागाला 0.6. मधल्या वेळात हवेला पेन 50.5 वर होते. साधा हिशेब 310 + 8.5 × 0.6 = 315.1 असा येतो. अर्ध्या तासाने पुन्हा तोच 310 चा वायू सोडला तर पेन 43.0 वर. हवा बरोबर मध्ये मोजलेली असेल तर त्या क्षणी 310 ची जागा 42.5 धरायची आणि मग उत्तर 314.8. यंत्र एका भागाने घसरले, हिशेबाने त्याला सावरले. घसरण लक्षात घेतली नसती तर 0.3 पीपीएम चूक कायमची दप्तरी लागली असती. दिवा कमी-अधिक तापला, खोली गार झाली, व्होल्टेज उतरले, या सगळ्याचा बंदोबस्त संदर्भवायू करतो, पण तो फक्त संथ आणि सरळ घसरणीचा. दोन संदर्भांच्या मध्ये आलेला झटका त्याला दिसत नाही, तो रेघेवर डोळ्यांनीच शोधावा लागतो.

दोन वायूंमध्ये सरळ रेघ ओढणे ही सोय आहे. शोषण घातांकी नियमाने वाढते, रेघ खरी वक्र असते. संदर्भवायू हवेच्या प्रमाणाला दोन्ही बाजूंनी जवळून कवेत घेत असतील तर वक्राची चूक बारीक राहते, आणि तिसरा सिलिंडर ठेवला की वक्रताही मोजता येते. पुढे अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व वातावरण संस्थेने 1974 पासून त्याच वेधशाळेत स्वतंत्र मापन सुरू केले, तेव्हा कमी, मध्यम आणि जास्त असे तीन संदर्भ दर तासाला दाखवण्याची पद्धत तिने ठेवली. हवेचे प्रमाण वर्षागणिक चढते तसे सिलिंडरही वरच्या आकड्यांचे आणावे लागतात. जुन्या संचाच्या टोकाबाहेर गेलेला आकडा अंदाजाचा असतो, मापनाचा नव्हे.

पहिले वर्ष

यंत्र बसवले स्क्रिप्सचे बेन हार्लन आणि हवामान खात्याचे जॅक पेल्स यांनी. कीलिंग तिथे नव्हते. पहिल्या दिवसाचा आकडा त्यांनी आधी वर्तवलेल्या आकड्याच्या एका पीपीएमच्या आत आला. इथवर सगळे सुरळीत. एप्रिलमध्ये आकडा चढला, मेमध्ये आणखी. मग वीज गेली. यंत्र बंद. जुलैत पुन्हा चालू केले तर आकडा उतरलेला. ऑक्टोबरचाही महिना असाच हातचा गेला, आणि नोव्हेंबरमध्ये आकडा पुन्हा चढू लागला.

वाचकाने क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहावे. नवे यंत्र, दोनदा वीज गेलेली, आणि दर वेळी खंडानंतर आकडा वेगळ्याच पातळीवर. कोणत्याही कार्यशाळेत यावर पहिले निदान ‘यंत्र बिघडले’ हेच होईल. अशा वेळी हे निदान तपासून पाहता येते ते सिलिंडरमुळे. संदर्भवायूंचे आपापसांतले अंतर खंडाच्या आधी आणि नंतर तेच असेल, तर बदल हवेतच झालेला असतो. पूर्ण 1959 साल हाती आल्यावर उलगडा झाला. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, हिवाळ्यात सोडतात, आणि मौना लोआवर हा श्वास मे महिन्यातले शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला तळ अशा सुमारे 6 पीपीएमच्या हेलकाव्याने दिसतो. आजच्या मापश्रेणीत, म्हणजे सगळे संदर्भवायू जिच्यावर जुळवतात त्या प्रमाण मोजपट्टीवर, मे 1958 ची सरासरी 317.5 आणि सप्टेंबरची 313.2 आहे. वार्षिक वाढ या हेलकाव्याखाली दडलेली, म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवरून तिच्याबद्दल काहीच म्हणता आले नसते.

नायट्रोजनचा घोळ

आता या प्रकरणातली सगळ्यांत बोधक चूक. सुरुवातीचे संदर्भवायू नायट्रोजनमध्ये मिसळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे होते. निवड वरवर शहाणपणाची. नायट्रोजन निष्क्रिय, पोलादी सिलिंडरमध्ये गंज आणि तेलाच्या अंशांशी त्याची कटकट नाही, आणि इन्फ्रारेडला तो दिसतही नाही. मग तो हवेच्या जागी चालायला हरकत कोणती?

हरकत शोषणरेषांच्या रुंदीत होती. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर आजूबाजूचे रेणू आदळत असतात आणि प्रत्येक धडक त्याची रेषा थोडी पसरवते. नायट्रोजनची धडक ऑक्सिजनच्या धडकेपेक्षा जास्त पसरवणारी असते. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे, संदर्भवायूत शून्य. दोन्हींत कार्बन डायऑक्साइड अगदी सारखा असला तरी हवेतल्या रेषा किंचित अरुंद राहतात. रेषेचा मधला भाग आधीच भरलेला असतो, एकूण शोषण कडांवर ठरते, आणि कडा आकसल्या की शोषण घटते. म्हणून नायट्रोजनच्या मोजपट्टीवर हवा कमी भरू शकते. या वाहक-वायूच्या (ज्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो त्या वायूच्या) चुकीचा आकार काही पीपीएम असतो, आणि तो यंत्राच्या घडणीप्रमाणे बदलतो. डिटेक्टर कसा भरला आहे, नळी किती लांब आहे, यावर चुकीचा आकडाच नव्हे तर दिशाही अवलंबून. त्यामुळे दोन देशांतली दोन चांगली यंत्रे, एकाच सिलिंडरवर जुळवलेली, एकाच हवेला वेगवेगळे आकडे देत.

यातून बाहेर पडायला असे साधन हवे ज्याला वाहक वायूशी देणेघेणे नाही. ते कीलिंग यांच्याकडे आधीपासून होते : पाऱ्याचा मॅनोमीटर. ठरलेल्या आकारमानाच्या काचेच्या भांड्यात कोरडा वायू घ्यायचा, त्याचा दाब आणि तापमान मोजायचे. मग द्रव नायट्रोजनने गारठवलेल्या सापळ्यातून तो ओढायचा. कार्बन डायऑक्साइड गोठून राहतो, बाकी हवा पंपाने निघून जाते. गोठलेला ऐवज पुन्हा वायू करून लहान, मोजलेल्या आकारमानात त्याचा दाब घ्यायचा. दोन दाबांच्या हिशेबातून रेणूंचे प्रमाण थेट मिळते. प्रकाश नाही, रेषा नाहीत. एकच दुरुस्ती करावी लागते. नायट्रस ऑक्साइडही त्याच थंडीत गोठतो आणि कार्बन डायऑक्साइड म्हणून मोजला जातो. त्याचे हवेतले प्रमाण 0.3 पीपीएमच्या घरातले, तेवढे वजा करायचे. खऱ्या हवेत बनवलेले वायू या मॅनोमीटरवर मोजून नंतर विश्लेषकावर चढवले की त्या यंत्राची वाहक-वायूची चूक हाती येते.

मौना लोआवर नायट्रोजनचे संदर्भवायू डिसेंबर 1983 पर्यंत चालले, मग हवेतले आले. जुने आकडे फेकावे लागले नाहीत, कारण कोणत्या दिवशी कोणता सिलिंडर लावला होता आणि पेन कुठे होते याची मूळ नोंद शाबूत होती. मापश्रेणी सुधारली की त्या नोंदींवरून सगळी मालिका पुन्हा काढायची. पहिल्या दिवशी 313 वाचले गेले आणि आजच्या तक्त्यात मार्च 1958 ची सरासरी 315.7 दिसते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आकड्यांत फेरफार केला’ अशी ओरड अधूनमधून होते. एक आकडा पहिल्या दिवसाचा, दुसरा महिन्याच्या उरलेल्या थोड्या दिवसांचा, आणि दरम्यान मोजपट्टी बदललेली. फेरफार झाला की नाही हे त्या नोंदी पाहून कोणीही तपासू शकतो.

ही प्रक्रिया अजून चालू आहे. जागतिक हवामान संघटनेची मुख्य मापश्रेणी 1995 पर्यंत स्क्रिप्सकडे होती, मग ‘नोआ’कडे आली. 2019 ची श्रेणी आली तेव्हा 400 पीपीएमच्या आसपासचे आकडे सुमारे 0.2 पीपीएमने वर सरकले. उत्तर गोलार्धातल्या केंद्रांनी एकमेकांशी 0.1 पीपीएमच्या आत जुळावे, अशी या संघटनेची अपेक्षा आहे. 0.2 चे सरकणे म्हणूनच क्षुल्लक नाही.

सिलिंडर स्वतः तरी स्थिर असतो का? पूर्णपणे नाही. भिंतीला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड दाब उतरला की सुटतो आणि तळाशी उरलेल्या वायूत प्रमाण वाढते. म्हणून 20 बारच्या आसपास सिलिंडर निवृत्त करतात. ‘अजून भरपूर आहे’ म्हणत तो शेवटपर्यंत वापरणे महागात पडते. पोलादापेक्षा अॅल्युमिनियम बरा, आत भरण्याआधी हवा नीट वाळवलेली हवी, आणि रेग्युलेटर लावल्यावर त्यात साचलेला वायू निघून जाईपर्यंत आकडा घेऊ नये.

सगळे मोजलेले ठेवायचे नाही

जागा निर्मळ असली तरी ज्वालामुखीच्या अंगावर आहे. रात्री गार हवा उतारावरून खाली येते आणि शिखराजवळच्या भेगांतला कार्बन डायऑक्साइड सोबत आणते. पेनची रेघ तेव्हा काट्यांसारखी दातेरी होते. दुपारी उलटे घडते. तापलेली हवा उताराने वर चढते, खालच्या जंगलावरून येते, आणि झाडांनी त्यातला कार्बन डायऑक्साइड काही अंशी खाल्लेला असतो. रेघ शांत, पण खाली झुकलेली. पहिला दोष डोळ्यांत भरतो. दुसरा फसवतो, कारण दिसायला ती हवा स्थिर असते.

स्क्रिप्सची चाळणी अशी : ताशी सरासरी साधारण 0.5 पीपीएमच्या आत स्थिर असेल तेच तास घ्यायचे, आणि असे सलग निदान सहा तास मिळाले तरच त्या दिवसाची सरासरी धरायची. ‘नोआ’ची चाळणी आणखी बारीक. तासाभरातल्या मिनिटांच्या सरासरींचे प्रमाण विचलन 0.30 पीपीएमपेक्षा कमी हवे, आधीच्या तासाशी फरक 0.25 पीपीएमपेक्षा कमी हवा, आणि सकाळी 11 ते संध्याकाळी 7 या वर चढणाऱ्या वाऱ्याच्या वेळेतले तास बाजूला. नियम आधी लिहायचा आणि मग तो आकड्यांना लावायचा, हा क्रम इथे महत्त्वाचा. वगळलेले तास पुसून टाकत नाहीत, त्यांच्यावर खूण करून ठेवतात. ज्वालामुखीचा अभ्यास करणाऱ्यांना तेच दातेरी तास हवे असतात.

जागेचा हा प्रश्न आपल्याकडेही आला. गोव्यात काबो द रामच्या कड्यावरून 1993 पासून फ्लास्कमध्ये हवेचे नमुने घेतले गेले. पावसाळ्यात तिथे हिंदी महासागरावरची स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात ईशान्येकडून जमिनीवरची. एकाच कड्यावर वर्षात दोन वेगळ्या हवा, आणि दोन्हींची उत्तरे वेगळ्या प्रश्नांची. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2009 पासून सिंहगडावर नमुने घेतले. गडावर पर्यटकांच्या गाड्या आणि चुली आहेत, म्हणजे मनोरा कुठे आणि वेळ कोणती हा विचार मौना लोआइतकाच करावा लागतो.

यंत्र बदलताना

ते मूळ विश्लेषक जानेवारी 2006 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 48 वर्षे चालले. त्याच्या जागी स्क्रिप्सने सीमेन्सचे अल्ट्रामॅट 3 आणले. तेही नॉन-डिस्पर्सिव्ह इन्फ्रारेड, तोच गोठण-सापळा, तोच अर्धा लिटर प्रवाह. ‘नोआ’ने एप्रिल 2019 मध्ये लेसरवर चालणारे पोकळी-क्षय जातीचे यंत्र घेतले. त्यात प्रकाश आरशांमधून हजारो फेऱ्या मारतो आणि तो किती वेगाने विझतो हे मोजतात. दिव्याची तीव्रता हिशेबात येत नाही, घसरण खूपच कमी, तरी सिलिंडर सुटले नाहीत.

1964 मध्ये पैशांअभावी फेब्रुवारी ते एप्रिल मापन थांबले होते. मालिकेतला तो खंड आजही भोकासारखा दिसतो. त्यानंतरची मोठी परीक्षा नोव्हेंबर 2022 मध्ये आली. 27 तारखेच्या रात्री मौना लोआचा उद्रेक सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि विजेची तार दोन्ही गिळले. डिसेंबरमध्ये ‘नोआ’ने उत्तरेला सुमारे 34 किलोमीटरवर असलेल्या मौना केआ शिखरावर, हवाई विद्यापीठाच्या दुर्बिणीच्या इमारतीत तात्पुरते मापन उभे केले आणि जुलै 2023 पर्यंतचे मासिक आकडे त्याच जागेवरून दिले. उंची वेगळी, यंत्र वेगळे, वारा वेगळा. जुळणी करायला हाताशी होती ती एकाच मापश्रेणीवर तोललेली हवा. 2023 ची सरासरी 421 पीपीएम भरली.

बाजारातल्या स्वस्त कार्बन डायऑक्साइड सेन्सरमध्ये एक स्वयंचलित सुधारणा असते. गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची मोकळी हवा, असे धरून तो आकडा 400 ला आणून बसवायचा. मौना लोआवर रोजच्या सरासरीने 400 चा आकडा मे 2013 मध्येच ओलांडला. त्यामुळे आज असा सेन्सर मुळातच पंचवीसेक पीपीएम खाली दाखवतो. अळंबीच्या शेडमध्ये किंवा केळी पिकवण्याच्या खोलीत, जिथे मोकळी हवा आठवडाभर आत येत नाही, तिथे तो 1500 पीपीएमलाही 400 समजून बसतो. अशा ठिकाणी ही सोय बंद करावी आणि महिन्यातून एकदा सेन्सर वस्तीपासून दूर, दुपारच्या वाऱ्यात वीस मिनिटे ठेवून 425 च्या आसपासच्या आकड्यावर हाताने जुळवावा. आपला उच्छ्वास सेन्सरपर्यंत पोहोचू नये म्हणून तेवढा वेळ आपण वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहावे.